काठावरच्या माणसाचे काम

आज १२ डिसेंबर. संयुक्त राष्ट्रांनी २०१७ साली हा दिवस आंतरराष्ट्रीय तटस्थता दिन म्हणून ठरवला. मध्य आशियातल्या तुर्कमेनिस्तानची कायमची तटस्थता आमसभेने १२ डिसेंबर १९९५ रोजी मान्य केली होती, म्हणून ही तारीख. आपल्याकडे या दिवसाची दखल फारशी कुणी घेत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या मंद्रूपच्या शिवारात सध्या ज्वारी पोटऱ्यात आली आहे, विजयपूर रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ आहे आणि ज्याला त्याला आपापल्या कामाची घाई आहे. तरीही या दिवसाच्या निमित्ताने याच गावातून काही बोलावेसे वाटते, कारण आपले गाव दोन नद्यांच्या मधले आहे. उत्तरेला वडकबाळची सीना, दक्षिणेला टाकळीची भीमा. टाकळीचा पूल ओलांडला की दुकानांच्या पाट्या कानडी होतात. माणसे मात्र दोन्ही काठांवर दोन्ही भाषा बोलतात.

तट म्हणजे काठ. काठावर उभा असतो तो तटस्थ. शब्द एवढा साधा आहे, पण गावात तो शिवीसारखा वापरला जातो. भांडणात कुणाचीच बाजू न घेणाऱ्याला आपण ‘दोन्ही डगरींवर हात ठेवणारा’ म्हणतो, बोटचेपा म्हणतो. देशांच्या बाबतीतही हेच होते. सीनेचा २०२५च्या सप्टेंबरातला पूर ज्यांनी पाहिला त्यांना वेगळे सांगायला नको: पाण्यात सापडलेल्या माणसाला दोर टाकू शकतो तो काठावर उभा असलेलाच. मात्र नुसते उभे राहून भागत नाही, हातात दोर असावा लागतो आणि तो टाकण्याची तयारी असावी लागते. युद्ध टाळण्याच्या प्रयत्नांकडे आम्ही याच नजरेने पाहतो. त्यासाठी जिनिव्हाला किंवा न्यूयॉर्कला जाण्याआधी सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात जायला हवे.

सिद्धेश्वर तलावाच्या काठचा हा किल्ला आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. गड्ड्याच्या यात्रेला आलो की त्याच्या तटाकडे पाहत पाहतच आपण पुढे जातो. या किल्ल्याइतका तहनाम्यांतून फिरलेला किल्ला दख्खनमध्ये क्वचितच दुसरा असेल. बहमनी राज्य मोडल्यावर परांड्याचा ख्वाजा जहाँ आणि सोलापूरचा झैनखान या दोन भावांमध्ये अकरा परगण्यांच्या वाटणीवरून तंटा होता. अर्धे म्हणजे साडेपाच परगणे. भाऊबंदकीचे भांडण, आजही प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात चालते तसेच. पण एका भावाच्या पाठीशी अहमदनगरची निजामशाही उभी राहिली, १५११ साली विजापूरच्या आदिलशाहीने सोलापूर घेतले, आणि दोन भावांचा बांध दोन राज्यांची सरहद्द होऊन बसला.

मग दोन्हीकडच्या शहाण्या लोकांनी वाट काढली. लग्न जमवले. १५२४च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी निकाह झाला. बोलणी करणाऱ्यांत निजामशाहीचा विद्वान वकील शाह ताहिर होता, विजापूरकडून असदखान लारी होता. मुलीच्या आंदणात सोलापूर आणि ते साडेपाच परगणे द्यायचे, असा शब्द असदखानाने दिल्याचे अहमदनगरकर म्हणू लागले. लग्न पार पडल्यावर इस्माईल म्हणाला, असा शब्द कुणी दिल्याचे मला ठाऊक नाही. झाले. वऱ्हाडी घरी पोचतात न पोचतात तोच फौजा निघाल्या. पुढची चाळीस वर्षे सोलापूरसाठी लढाया झाल्या. किल्ला कधी या हातात, कधी त्या हातात. पुढे पुढे तर कुणीतरी विजयनगरच्या रामरायाला मदतीला बोलवायचे आणि पुढच्या खेपेला दुसराच बोलवायचा.

एका न लिहिलेल्या शब्दाने हे केले. दोन्ही बाजूंना युद्ध नको होते, म्हणून तर सोयरीक जमली. पण ज्या गोष्टीवरून भांडण होते नेमकी तीच गोष्ट बोलण्याच्या भरात अर्धी ठेवली गेली. मांडवात नकोसा विषय काढायचा नाही, ही आपली जुनी रीत. घरात ती चालते, राज्यात चालत नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमच्याच शिवारात एका बांधावरून दोन चुलतभावांचा तंटा मिटला. मोजणी झाली, खुणा रोवल्या, पंचांनी कागद लिहिला, सह्या झाल्या, चहा आला. सगळे उठणार तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या काकूंनी विचारले, “अप्पा, हिरीच्या पाळीचं लिवलं का?” नव्हते लिहिले. विहीर सामाईक, पाणी कुणी कोणत्या दिवशी घ्यायचे हे दोघांनाही ‘माहीतच’ होते. काकू म्हणाल्या, “आत्ता म्हाईत हाय. चैतात पानी आटल्यावर कुनाला म्हाईत आसनार?” कागद परत उघडला. सोमवार ते बुधवार एकाचे, गुरुवार ते शनिवार दुसऱ्याचे, रविवारी आलटून पालटून. त्याला अर्धा तास लागला आणि आवाजही चढले. यंदाच्या चैत्रात त्या विहिरीवर भांडण झाले नाही. शाह ताहिर आणि असदखान यांच्या बैठकीत अशी एखादी काकू हवी होती.

सोलापूर दुसऱ्यांदा आंदण ठरले ते १५६४ साली. या वेळी मुलगी अहमदनगरची होती: हुसेन निजामशहाची लेक चांदबिबी. ती विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्यासोबत सोलापूरचा किल्ला खरोखर विजापूरकडे गेला. अलीची बहीण निजामशहाच्या मुलाला दिली गेली. चाळीस वर्षांचे वैर मिटले. एवढेच पाहिले तर मुत्सद्देगिरीचा हा मोठा विजय म्हणावा लागेल. पण ही सोयरीक झाली ती रामरायावर मिळून चालून जाण्यासाठी. २३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोटची लढाई झाली आणि त्यानंतर विजयनगर हे अफाट शहर लुटले, जाळले गेले. दोघांमधला तह तिसऱ्याच्या अंगणात पेटला. अशा कराराला आम्ही शांततेचा करार म्हणणार नाही, मग त्यावर कितीही शिक्के असोत. तुझे माझे मिटले, आता दोघे मिळून त्याला बघू, या मजकुराचे तह त्यानंतरही जगभर होत राहिले आणि आजही होतात.

ज्या मुलीच्या पदरात सोलापूर बांधून दिले, तिची कहाणी मात्र आम्हाला फार जवळची वाटते. नवरा मारला गेल्यावर चांदबिबीने विजापूरची गादी अल्पवयीन पुतण्यासाठी सांभाळली. पुढे माहेरी आली तर मोगल दारात. १५९५च्या अखेरीस शाहजादा मुरादने अहमदनगरला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा ती स्वतः खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा बांधून घेतली. शाळेच्या पुस्तकात आपण एवढेच वाचतो. त्याच्या पुढचे वाचत नाही. १५९६च्या सुरुवातीला तिने मोगलांना वऱ्हाड देऊन तह केला. आधी भिंत बांधली, मग बोलणी केली. चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. किल्ला आता टिकणार नाही हे ओळखून, बालराजाला सुखरूप बाहेर काढायचे आणि बोलणी करायची, असा विचार तिने केला. ती शत्रूला फितूर झाली अशी आवई आतल्याच एकाने उठवली आणि तिच्याच लोकांनी तिला ठार केले. साल १६००. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला. तिचे ऐकले असते तर काय वाचले असते हा हिशेब कुणी केला नाही.

तिच्यानंतर पासष्ट वर्षांनी शिवाजी महाराजांनी पुरंदरच्या तहात मोगलांना तेवीस किल्ले दिले. ते आपण दूरदृष्टी म्हणून सांगतो आणि योग्यच सांगतो. पाच वर्षांत, १६७०पासून, त्यांनी ते परत घ्यायला सुरुवात केली. देऊन वाचणे आणि वाचून उभे राहणे हा राजकारणाचा भाग आहे हे आपल्याला महाराजांच्या बाबतीत कळते. चांदबिबीच्या वेळी तिच्या सैनिकांना ते कळले नाही. बोलणी करू पाहणाऱ्याला फितूर ठरवण्याची घाई आजही सुटलेली नाही. मोबाईलवर ती आता चार मिनिटांत होते.

याच पुरंदरच्या तहानुसार मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांची फौज महाराजांसह विजापूरवर चालून गेली. वाटेत मंगळवेढे घेतले. १६६५च्या डिसेंबरात, असेच ज्वारीचे दिवस असताना, ही फौज विजापूरच्या जवळ पोचली तेव्हा आदिलशहाने शहराभोवतीचा कित्येक मैलांचा मुलूख उजाड करून ठेवला होता. विहिरी बुजवल्या, तळी फोडली, झाडे तोडली. पाणी आणि वैरण मिळेना म्हणून जयसिंग वेढा न घालताच परतले. इतिहासात याला विजापूरचा बचाव म्हणतात. त्या विहिरी खणल्या होत्या कुणी, त्या परत उपसल्या कुणी, हे मात्र बखरीत नाही. पुढे औरंगजेबाने १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे आपल्याच जिल्ह्यात, माचणूरजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला छावणी टाकली. त्या छावणीच्या जनावरांना किती कडबा लागला असेल याचा अंदाज मंद्रूपचा कुठलाही शेतकरी करू शकेल. युद्ध टाळण्याचा विषय दिल्ली-मुंबईच्या सभागृहांचा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे लक्षात घ्यावे. फौजा रस्त्याने जातात आणि रस्ता गावांतून जातो.

वकिलाला हात लावू नये हा जगातला सगळ्यात जुना नियम. तो मोडला तर काय होते हेही आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. १८१५च्या जुलैमध्ये बडोद्याच्या गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. पेशवे आणि गायकवाड यांचे जुने हिशेब मिटवण्यासाठी ते इंग्रजांच्या हमीवर आले होते. विठ्ठलाच्या दर्शनाहून परतताना त्यांना गाठले. आळ आला पेशव्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर. त्या एका खुनाने इंग्रजांच्या हाती पेशव्यांवर दाब आणायला निमित्त दिले. १८१७चा पुणे तह, मग खडकीची लढाई, मग फेब्रुवारी १८१८मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या अष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, आणि मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला. इंग्रजांना राज्य घ्यायचेच होते, हे खरे. पण बोलायला आलेल्या माणसाचा जीव ज्या दरबारात सुरक्षित नाही, त्या दरबाराच्या बाजूने बोलायला शेवटी कुणी उरत नाही.

आता कोरियाकडे वळतो. तटस्थता म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायचे तर आम्हाला दुसरे उदाहरण सुचत नाही.

कोरियातले युद्ध २७ जुलै १९५३ रोजी थांबले, पण त्याआधी बोलणी लांबली होती ती युद्धकैद्यांवरून. बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते. त्यांना बळजबरीने पाठवायचे की नाही, यावर दोन्ही गट अडून बसले. शेवटी तोडगा निघाला तो पाच देशांच्या तटस्थ आयोगाचा. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्षस्थानी भारत. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. कैद्यांची राखण करायला भारताने सुमारे सहा हजार जवान पाठवले आणि त्या दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

दक्षिण कोरियाच्या सरकारने भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पायसुद्धा ठेवू दिला नाही. जहाजावरून त्यांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. स्वातंत्र्याला जेमतेम सहा वर्षे झालेला देश, परक्या भाषेचे, परक्या युद्धाचे, संतापलेले हजारो कैदी आणि समोर येऊ घातलेला कोरियन हिवाळा. सप्टेंबरातच चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला छावणीत ओढून नेले. थोरात मोजक्या सोबत्यांनिशी आत शिरले, संतापलेल्या जमावासमोर उभे राहिले, बोलले आणि एकही गोळी न झाडता आपला अधिकारी परत घेऊन आले. त्यांना पुढे अशोकचक्र (वर्ग दोन) मिळाले. सगळेच रक्ताविना पार पडले असे मात्र नाही. छावणीतल्या दंगलीत नंतर गोळीबार झाला, कैदी दगावले. दोन्ही बाजूंनी भारताला दोष दिला. एक म्हणे तुम्ही कम्युनिस्टांचे, दुसरा म्हणे तुम्ही अमेरिकेचे. जानेवारी १९५४पर्यंत ही राखण चालली. उरलेले कैदी ज्यांच्याकडून घेतले होते त्यांच्या स्वाधीन केले आणि जवान परतले. कुठल्याच गटाकडे जायला तयार नसलेले काही कैदी त्यांच्यासोबत भारतात आले.

हे काम करायला दोन्ही बाजूंनी मान्य केलेला कुणीतरी हवा होता. जगात असे देश त्या वेळी मोजके होते. कुणाच्याच दावणीला नसलेला म्हणून भारताला ते करता आले.

मात्र याच थोरातांची कहाणी इथे थांबवली तर ती अर्धी राहील. पुढे ते पूर्व विभागाचे सेनापती झाले. १९५९-६०मध्ये त्यांनी चीनच्या सरहद्दीवर आपली तयारी किती तोकडी आहे याचा लेखी अहवाल दिला, सराव घेऊन तो दाखवून दिला. तो बाजूला पडला. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. एप्रिल १९५४मध्ये पंचशील ज्या करारात लिहिले गेले, तो तिबेटशी व्यापाराचा करार होता, सरहद्द नेमकी कुठून जाते हे त्यात ठरलेले नव्हते. पुन्हा तेच: ज्याच्यावरून भांडण होणार, तेच लिहायचे राहिले. पंडित नेहरूंचा हेतू चांगला होता याबद्दल आमच्या मनात शंका नाही. बेल्जियमच्या तटस्थतेला तर १८३९पासून मोठ्या सत्तांची लेखी हमी होती, तरी १९१४च्या ऑगस्टमध्ये जर्मन फौजा त्या देशातून आरपार गेल्या. कागद हवा, तो नीट लिहिलेला हवा आणि त्याच्यामागे चांदबिबीची भिंतही हवी. या तिन्हींतले एक सोडून चालेल असे सांगणारा माणूस आम्हाला अजून पटलेला नाही.

आजच्या जगात भारत कुणाच्या बाजूने, हा प्रश्न रोज टीव्हीवर विचारला जातो. मार्च २०२२मध्ये युक्रेनच्या सुमी शहरात सुमारे ७०० भारतीय विद्यार्थी अडकले होते. अन्न संपत आलेले, बर्फ वितळवून पाणी प्यायची वेळ. आपल्या पंतप्रधानांनी ७ मार्चला एकाच दिवशी रशिया आणि युक्रेन या दोन्ही देशांच्या अध्यक्षांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी मुले बसमध्ये बसली. दोन्हीकडे फोन लागत होता म्हणून हे झाले. याचा अर्थ अन्यायाला अन्याय म्हणू नये असा आम्ही घेत नाही. कुणावर बाँब पडत असताना गप्प बसणे ही तटस्थता आम्हाला मान्य नाही. दोर हातात असून तो टाकायचा नाही, ही ती गत.

तीन दिवसांपूर्वी, ९ डिसेंबरला, असा दोर टाकणाऱ्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा स्मृतिदिन झाला. सोलापूरचा हा तरुण १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला. जपानने लादलेले ते युद्ध आपले नव्हते, आपला देश तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. कोटणीस बंदूक घेऊन गेले नाहीत. जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले.

डिसेंबर-जानेवारी हे शाळांच्या सहलींचे दिवस. तालुक्यातल्या शिक्षकांना आमची विनंती आहे. मुलांना घेऊन सोलापूरला जाल तेव्हा कोटणीसांच्या घरातले स्मारक दाखवा. भुईकोट किल्ल्यात तोफा आणि बुरूज दाखवून झाले की मुलांना खाली बसवा आणि सांगा, हा किल्ला दोन मुलींच्या लग्नांत आंदण म्हणून ठरला होता, एकदा न लिहिता आणि एकदा लिहून. पुढे काय झाले ते त्यांनाच विचारू द्या. परतताना वेळ उरला तर हत्तरसंग कुडलला, सीना आणि भीमा जिथे एकत्र येतात तिथे, संगमेश्वराच्या देवळात जा. शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा शिलालेख तिथे आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्याच्या शेवटी जो वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत.